मामांच्या फॉरवर्डला उत्तर: वीजबचत खरंच थोतांड आहे का?

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या गटांतून आला. शेवटी तो आमच्या घरच्या गटात मामांनी टाकला आणि खाली लिहिलं, ‘वाचा आणि विचार करा.’ मी वाचला. कारखान्यांमध्ये फिरून वीज कुठे मुरते ते शोधून देणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे विचारही करावाच लागला.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरकारची वीजबचत म्हणजे थोतांड आहे. एसी २४ वर बांधून टाकलाय. स्टारचे स्टिकर म्हणजे कंपन्यांची जाहिरात. एलईडीची योजना कंपन्यांची धन करायला काढली. वीज साठवता येत नाही, मग वाचवून काय उपयोग? आपण वाचवायची आणि कारखान्यांनी ओढायची. कितीही वाचवा, बिल वाढतंच. अमेरिकेतला माणूस आपल्या दसपट वीज वापरतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. आणि आता सोलर आलंय, मग काटकसर कशाला? शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मामा, रागावू नका. यातली दोन-तीन विधानं अर्धी खरी आहेत, आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच बाकीचा सगळा मजकूर तरंगतो. एकेक घेतो.

‘एसी २४ वर बांधून टाकलाय.’

नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये एक अधिसूचना निघाली आणि ती १ जानेवारी २०२० पासून लागू झाली. नवीन एसी चालू केला की तो आपोआप २४ अंशांवर चालू झाला पाहिजे, एवढंच तिच्यात आहे. पुढे रिमोट तुमच्याच हातात असतो, १८ करा नाहीतर ३० करा. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी नव्या एसींचं तापमान २० ते २८ अंशांच्या दरम्यानच ठेवता यावं, असा बेत जाहीर केला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ह्या दोन गोष्टींचं कालवण केलंय. तो दुसरा बेत मलाही फारसा पटलेला नाही. रिमोटचं बटण बांधण्यापेक्षा एसीच्या यंत्राची किमान पात्रता वाढवा, हे माझं मत.

पण २४ हा आकडा हवेतून आलेला नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा, म्हणजे बीईईचा, ढोबळ हिशोब असा आहे की एसीचं तापमान एक अंशाने वर ठेवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते. बाहेर ३६ असताना आत २० ठेवायचं म्हणजे खोलीतली उष्णता १६ पायऱ्या चढवून बाहेर टाकायची. २४ ठेवलं तर १२ पायऱ्या. हमालाला विचारा, फरक कळेल.

आणि घरी पाहुणे आले की ‘लवकर गार होऊ दे’ म्हणून तुम्ही रिमोट १६ वर नेता ना? साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ ला जेवढा पळतो तेवढाच २४ लाही पळतो. २४ वर लावला तर खोली गार झाल्यावर तो थांबतो, १६ वर लावला तर थांबत नाही, इतकाच फरक. मग रात्री दोनला मामी गोधडी ओढतात. म्हणजे आधी पैसे देऊन गारठायचं आणि मग गोधडीत ऊब शोधायची!

‘स्टारचे स्टिकर म्हणजे जाहिरात.’

हा दावा मला जास्त खटकला, कारण आपल्या ऊर्जा धोरणातली सगळ्यात कामाची गोष्ट नेमकी ह्या स्टिकरच्या आड आहे, आणि ती तारे मोजून दिसत नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याखाली २००२ मध्ये बीईई स्थापन झाली, आणि २००६ मध्ये तारांकनाची योजना आली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. २०१० पासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि वितरणाचे ट्रान्सफॉर्मर यांना लेबल सक्तीचं झालं. छताच्या पंख्याला मात्र ते २०२३ उजाडेपर्यंत सक्तीचं नव्हतं, पण पंख्याकडे नंतर येतो.

लेबल सक्तीचं झालं म्हणजे एक ताऱ्याच्याही लायकीचं नसलेलं यंत्र दुकानात विकताच येत नाही. जाहिरात पाच ताऱ्यांची होते, पण कायद्याची खरी ताकद त्या एका ताऱ्यात आहे. सगळ्यात खादाड माल बाजारातूनच बाद झाला. तुम्ही लेबल वाचलं नाही तरी त्याचा फायदा तुम्हाला मिळाला आहे.

शिवाय ही पट्टी दर काही वर्षांनी वर सरकते. २०१८ पासून एसीच्या लेबलवर हंगामी कार्यक्षमतेचा, म्हणजे अख्ख्या हंगामात सरासरी एका युनिट विजेमागे एसी किती उष्णता बाहेर काढतो त्याचा, आकडा आला. तेव्हा तो ४.५ असला की पाच तारे मिळायचे. जुलै २०२२ पासून पाच ताऱ्यांना किमान ५ लागू लागला. म्हणजे जून २०२२ मधला ४.५ चा पाच-तारा एसी जुलैत चार-तारा झाला. यंत्र तेच, तारा गेला. पैसे देऊन मिळणारं स्टिकर असं वागत नाही. म्हणूनच जुन्या सालाचं लेबल असलेला एसी ‘फाइव्ह स्टार आहे’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आधी लेबलवरचं साल बघा.

आता खरं काय तेही सांगतो. लेबलवरचे वर्षाचे युनिट हे वर्षात १,६०० तास एसी चालेल असं धरून काढलेले असतात. दीड टनाचा तीन तारे असलेला एसी तेवढ्या तासांत साधारण हजार युनिट खातो, पाच तारे असलेला आठशेच्या आत-बाहेर. वाचले समजा २२०. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचे अडीच हजार आणि वर थोडे. किमतीतला आठ-दहा हजारांचा फरक तीन-चार वर्षांत वसूल होतो. पण तुम्ही एसी फक्त एप्रिल-मे मध्ये, रात्री आठ तास लावत असाल तर वर्षाचे तास होतात ४८० आणि वाचतात फक्त ६५ युनिट. ह्या हिशोबाने वसुलीला बारा वर्षं लागतील. अशा घराला मी स्वतः तीन ताऱ्यांचाच एसी घ्यायला सांगतो. दुकानदार सांगणार नाही.

(जाता जाता, ‘इन्व्हर्टर एसी’ म्हणजे लाइट गेल्यावर चालणारा एसी नव्हे. हा गैरसमज दर उन्हाळ्यात मला किमान एक तरी नातेवाईक विचारतो. गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा तो इन्व्हर्टर. त्याचा बॅटरीशी काही संबंध नाही.)

‘एलईडीची योजना कंपन्यांची धन करायला.’

उलट झालं. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्ब घाऊक भावात घेतला तेव्हा एका बल्बला ३१० रुपये मोजले होते. ५ जानेवारी २०१५ ला देशभराची योजना सुरू झाली, तिचंच नाव पुढे ‘उजाला’ पडलं. लाखो, मग कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा मागणी घेऊन ईईएसएल दर काही महिन्यांनी निविदा काढत गेली. २०१६ पर्यंत खरेदीचा भाव ३८ रुपयांवर आला. कंपन्यांना एवढ्या मोठ्या ऑर्डरीची खात्री मिळाली, त्यांनी कारखाने वाढवले आणि एकमेकांचे भाव पाडले. बल्बच्या किमतीवर सरकारने अनुदान दिलं नाही. बऱ्याच ठिकाणी बल्ब आधी घरी न्यायचा आणि पैसे दहा-दहा रुपयांनी वीजबिलातून फेडायचे, अशी सोय होती. एकरकमी पैसे काढायला जो कचरतो त्याला हप्ता परवडतो, हे आपल्याकडच्या भिशीवाल्या बायकांना अर्थशास्त्र न शिकता माहीत असतं.

ह्या योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. आज गावच्या किराणा दुकानातसुद्धा पिवळा ६० वॅटचा बल्ब मागावा लागतो, समोर टांगलेला दिसत नाही.

ह्याआधी सीएफएलचा प्रयोग झाला होता, २००९ ची बचत लॅम्प योजना. पंधरा रुपयांत सीएफएल द्यायचा आणि उरलेले पैसे आंतरराष्ट्रीय कार्बन बाजारातून, म्हणजे जिथे कमी केलेल्या प्रदूषणाचे पैसे मिळतात तिथून, काढायचे, असं ते गणित होतं. कार्बनचा भाव कोसळला आणि योजनाही बसली. उजाला चालली, कारण तिचं गणित परदेशातल्या बाजारावर टेकलेलं नव्हतं.

बल्ब लवकर जातात ही तक्रार मात्र खरी आहे. आमच्या घरचेच दोन गेले. गॅरंटीच्या मुदतीत बदलून मिळायला हवे होते, ते कुठे द्यायचे ते शोधता शोधता मुदत संपली.

‘वीज साठवता येत नाही, मग वाचवून उपयोग काय?’

हे वाचून पहिल्यांदा पटतं, म्हणून नीट बघू. वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते, हे बरोबर. पण त्याचा अर्थ उलटा निघतो. तुम्ही दिवा मालवला की ती वीज तारेत पडून वाया जात नाही, तेवढी वीज तयारच होत नाही. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातल्या लोकांचं काम तेच आहे. मागणी उतरली की वीजकेंद्रातल्या एखाद्या संचाला ते ‘कमी कर’ सांगतात, आणि शक्यतो सगळ्यात महाग वीज देणारा संच आधी उतरवतात. कोळसा कमी जळतो. देशाची बहुतांश वीज अजूनही कोळशाचीच आहे.

आणि ‘साठवता येत नाही’ हेही पुरतं खरं नाही. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. विजेला मागणी कमी असते तेव्हा तिथे खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तेच पाणी सोडून वीज करतात. एका अर्थी डोंगरावर ठेवलेली बॅटरीच. कोयनेचे १,९६० मेगावॅटही संध्याकाळच्या गर्दीसाठी जपून वापरतात.

ज्यांना २००५ नंतरची आपल्याकडची लोडशेडिंगची वर्षं आठवतात, त्यांना मी हे सांगायला नको. तेव्हा वेळापत्रक पाहून दळण टाकलं जायचं. पुण्यात २००६ साली कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराला वीज मोकळी करून दिली आणि ग्राहकांनी त्यासाठी थोडा जादा आकार भरला. वाचवलेली किंवा मोकळी झालेली वीज कुठेतरी खरोखर पोचते, हे त्या वेळी अख्ख्या शहराने पाहिलं.

‘आपण वाचवायची, कारखान्यांनी ओढायची.’

कारखान्यांवर बंधन आहे, आणि ते घरांवरच्या बंधनापेक्षा कडक आहे. २०१२ साली ‘पॅट’ नावाची योजना सुरू झाली. सिमेंट, पोलाद, खत, कागद, कापड, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि औष्णिक वीज ह्या आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना तीन वर्षांत टनामागे किती ऊर्जा कमी करायची याचं लक्ष्य दिलं. ज्यांनी जास्त वाचवली त्यांना प्रमाणपत्रं मिळाली. ज्यांना जमलं नाही त्यांनी ती बाजारातून विकत घ्यायची, नाहीतर दंड. पहिल्या फेरीत लक्ष्यापेक्षा जास्त बचत झाली. माझ्या मते ही फुशारकी मारायची गोष्ट नाही. सगळी शाळा पहिल्या वर्गात पास झाली तर पेपर सोपा होता असंही म्हणता येतं. पण ‘कारखान्यांना कुणी विचारत नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

खरी गळती मला दिसते ती ह्या यादीत न येणाऱ्या मधल्या आणि लहान कारखान्यांत. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत मी मुद्दाम रविवारी गेलो होतो. कारखाना बंद, माणूस नाही, आणि यंत्रांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने चालू होतोय. कुणीही हवा वापरत नसताना! पाइपांच्या सांध्यांतून, फुटक्या होजमधून ती निसटत होती. कान देऊन उभं राहिलं की फुसफुस ऐकू यायची. मालकाला वाटत होतं आपल्याला नवीन कॉम्प्रेसर लागणार. लागले ते काही क्लॅम्प, थोडी टेप आणि हवा बंद करायची एक चावी. हवेचा दाब गरजेपेक्षा एक बारने जास्त ठेवला तर सहा-सात टक्के वीज जास्त जाते, हेही तिथे कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि मोटर जळाली की ती भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, घ्यायची. दोन-तीनदा भरलेली मोटर चालते, पण पूर्वीपेक्षा जास्त खाते. नवी घ्यायचे पैसे एकदम दिसतात. जुनीचे पैसे महिन्याच्या बिलात विरघळून जातात, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

‘कितीही वाचवा, बिल वाढतंच.’

इथे मामांचं दुःख मला समजतं. बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वर १६ टक्के वीज शुल्क. दरही वाढत गेलेत. वितरण कंपनीचे बरेच खर्च, म्हणजे वीजकेंद्रांना द्यायचा ठरावीक पैसा, तारा आणि माणसं, तुम्ही युनिट कमी वापरले म्हणून कमी होत नाहीत. जास्त दर भरणारे ग्राहक कमी झाले की तो भार पुढेमागे दरातून पुन्हा सगळ्यांवर येतो. हे धोरणाचं खरं कोडं आहे आणि फॉरवर्डने ते चुकून का होईना बरोबर पकडलंय.

पण त्यावरून ‘वाचवून उपयोग नाही’ हा निष्कर्ष निघत नाही, कारण आपल्याकडे दर टप्प्यांचे आहेत. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला २०२४-२५ साली वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे लागत होते आणि १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे. पुढचे टप्पे आणखी चढे. तेव्हा वाचतं ते युनिट सरासरी दराचं नसतं, सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं.

आता पंखा. गटात एसीवरून शंभर मेसेज झाले, पंख्याबद्दल एकही नाही. जुना छताचा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅट घेतो. नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. फरक ४५ वॅटचा. ऐकायला फार वाटत नाही. पण एसी दोन महिने चालतो आणि पंखा आपल्याकडे फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत, दिवसाचे चौदा तास. महिन्याला एका पंख्यामागे १९ युनिट वाचतात.

तुमच्या घराचंच बघा. तुमचं बिल महिन्याला साधारण १३० युनिटचं येतं. हॉल आणि झोपायची खोली, दोन पंखे बदलले तर ३८ युनिट गेले. त्यातले ३० महाग टप्प्यातले, ८ स्वस्त टप्प्यातले. वरच्या दरांनी ३९० रुपये, वीज शुल्क धरून साडेचारशे. एका पंख्याला अडीच-तीन हजार पडतात. हिवाळ्याचे बंद महिने धरले तरी दीड वर्षात पैसे परत. त्यानंतरचे मामींच्या भिशीला.

आणि हॉलमधला तो खोक्यासारखा मोठा रेग्युलेटर तेवढा काढा. पंखा दोनवर केला की वीज वाचली असं तुम्हाला वाटतं. तो जुना रेग्युलेटर उरलेली वीज स्वतः तापून उडवतो. हात लावून बघा.

ह्या ठिकाणी मी सरकारवर जास्त नाराज आहे. एसी आणि फ्रिजला २०१० पासून लेबल सक्तीचं. पंखा जवळजवळ प्रत्येक घरात आहे, गरिबाच्या घरी तर तेवढंच गार करणारं यंत्र आहे, आणि त्याला लेबल सक्तीचं व्हायला २०२३ चा जानेवारी उजाडला. उजालासारखी एकगठ्ठा खरेदी करून एक कोटी कार्यक्षम पंखे द्यायचा कार्यक्रम नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. बल्बच्या बाबतीत जे दोन वर्षांत घडलं तसं पंख्याच्या किमतीत काही अजून घडलेलं मला दुकानात दिसत नाही.

‘अमेरिकेतला माणूस दसपट वीज वापरतो.’

जवळपास खरं. २०२३-२४ मध्ये आपल्याकडे माणशी वापर सुमारे १,३९५ युनिट होता, अमेरिकेत तो १२ हजारांच्या वर आहे. जगाने आपल्याला उपदेश करू नये हे मलाही मान्य. पण आपण कार्यक्षम पंखा अमेरिकेवर उपकार म्हणून बसवत नाही. ज्या घराला युनिटला बारा रुपये जड जातात त्याने जास्त खाणारा पंखा का वापरायचा? श्रीमंताला उधळपट्टी परवडते, हे गरिबाने उधळपट्टी करायचं कारण होत नाही.

‘आता सोलर आलंय.’

यावं. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतात. घरात जी वीज वाया जाते तीही त्या पॅनलनेच बनवायची, म्हणून पॅनल जास्त लावायचे? आधी खादाड यंत्रं बदला, मग सोलर मोजा, छोटं लागेल. आणि रात्री साडेआठला, जेव्हा सगळ्यांचे एसी आणि टीव्ही चालू असतात, तेव्हा सूर्य नसतो.

इथवर लिहून गटात टाकलं तर माझ्या मावसभावाने, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, खरा अवघड प्रश्न विचारला. इंग्लंडमध्ये जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच म्हटलं होतं की इंजिनं सुधारली की कोळसा कमी लागायच्या ऐवजी जास्त लागतो, कारण ती स्वस्त पडतात आणि सगळीकडे बसतात. मग एसी कार्यक्षम झाले की लोक जास्त एसी घेणार नाहीत का?

घेतील. घेतच आहेत. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटला टेकली होती. पण त्यातला किती वापर नासाडीचा आणि किती उशिरा मिळालेल्या गरजेचा? २०१७ नंतर सौभाग्य योजनेत २ कोटी ८६ लाख घरांना पहिल्यांदा जोडणी मिळाली. त्या घरात पंखा आला म्हणून मागणी वाढली, तर ते धोरणाचं अपयश कसं म्हणायचं? मला काटकसर नको आहे. कोणी घामाने भिजत बसावं असं माझं म्हणणं नाही. तेवढाच वारा कमी युनिटमध्ये मिळावा, एवढंच. जेव्हन्सचा मुद्दा तिथे लागू पडतो जिथे विजेला किंमतच नाही.

आणि तिथे फॉरवर्डवाल्याने बोलायला हवं होतं, पण तो गप्प आहे. शेतीपंप.

महाराष्ट्रात वर्षानुवर्षं बऱ्याच शेतीपंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर बिल यायचं. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. शेतकऱ्याला वीज परवडली पाहिजे याबद्दल माझा वाद नाही. पण शून्य बिलात कार्यक्षम पंपाला जागाच उरत नाही. वीज रात्री येते म्हणून पंपाला ऑटो स्विच बसवतात. लाइट आली की पंप आपोआप चालू होतो, पाणी लागो न लागो. व्होल्टेज कमी म्हणून तीनच्या जागी पाचची मोटर. ती जळते, तालुक्याला भरून आणतात, आणखी जास्त खाते. पाणी खोल जातं, मग साडेसातची.

हे कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. देशातला शेतीपंपांच्या कार्यक्षमतेचा पहिला पथदर्शी प्रयोग आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याला झाला. साडेतीन हजारांच्या आसपास पंप तपासले गेले. जुना पंप काढून कार्यक्षम बसवायचा, पैसे वाचलेल्या विजेतून फेडायचे, शेतकऱ्याला भुर्दंड नाही, अशी ती कल्पना. चांगली होती. उजालाचं गणितच, फक्त बल्बच्या जागी पंप. पण बल्बच्या ग्राहकाला स्वतःचं बिल दिसत होतं, पंपवाल्याला काय दिसणार? आता सौर पंपांवर भर आहे आणि तो योग्यही आहे, पण सौर पॅनललाही जो पंप जोडायचा तो चांगलाच हवा.

मामांच्या मळ्यातलाच दाखला देतो, मामा रागावले तरी. विहिरीच्या खोलीत स्टार्टरच्या शेजारी कपॅसिटर होता. तो जोडला की डीपीवरचा, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार उतरतो, व्होल्टेज सुधारतं, मोटर कमी जळते. महावितरण दरवर्षी ‘कपॅसिटर बसवा’ म्हणून सांगत असते. मी गेलो तेव्हा तो वायर तोडून कोपऱ्यात ठेवलेला होता, वर युरियाची रिकामी पिशवी. ‘त्याने काय होतंय?’ मामा म्हणाले. त्याच आठवड्यात वस्तीवरची डीपी जळाली होती आणि नवी लवकर यावी म्हणून घरटी वर्गणी चालू होती. मामांनी आठशे रुपये दिले.